हैतीच्या लोकनृत्य-अभ्यासयात्रा

कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाची लोकनृत्ये, ढोलवादन आणि गाणी ज्यांनी पिढ्यानपिढ्या जपली, त्यांच्याच सहवासात राहून ती शिकण्यासाठी गटाने केलेल्या प्रवासाला लोकनृत्य-अभ्यासयात्रा म्हणता येईल. अशा गटात नर्तक, वादक, नृत्यशिक्षक, मानवशास्त्राचे विद्यार्थी आणि न्यूयॉर्क, मायामी किंवा मॉन्ट्रियलमध्ये वाढलेली हैतीयन घरांतील मुले असतात. एखादा हैतीयन किंवा हैतीत दीर्घकाळ शिकलेला गुरू त्यांना घेऊन जातो. सकाळी नृत्याचा तास, दुपारी ढोल व गाणी, संध्याकाळी गावातील उत्सव, मंदिर किंवा वाद्यमेळा यांची भेट, असा मुक्कामाचा साधारण क्रम असतो. हैतीत रंगमंचीय लोकनृत्याला ‘फोक्लो’ म्हणतात. मंदिरातील नृत्य रंगमंचावर आले ती वाट हैतीयन कलावंतांनी आणि बाहेरून शिकायला आलेल्या अभ्यासकांनी मिळून घडवली असल्यामुळे अभ्यासयात्रा ही या कलेच्या इतिहासाला नंतर जोडलेली बाब नसून त्या इतिहासाचाच भाग आहे.

हैती म्हणजे हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एकतृतीयांश भाग. १६९७ च्या तहाने तो फ्रान्सकडे गेला आणि पुढील शतकात ऊस व कॉफीच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम करून तेथे आणली गेली. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्याच्या परिसरातील फोन, योरुबा, इबो आणि कांगोच्या खोऱ्यातील लोक असे भिन्न भाषांचे व भिन्न दैवतांचे समूह एकाच मळ्यावर राबत होते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. या लोकांच्या श्रद्धांतून व्होदू हा धर्म आकाराला आला. मराठीत ‘वूडू’ या नावाभोवती जादूटोण्याची जी कल्पना चिकटली आहे तिचा या धर्माशी फारसा संबंध नाही. व्होदूतील दैवतांना ‘ल्वा’ म्हणतात आणि त्यांची विभागणी ‘नांशों’मध्ये, म्हणजे राष्ट्रांमध्ये, केलेली असते : रादा, नागो, कांगो, इबो, पेट्वो इत्यादी. (नागो हे योरुबा लोकांना दिलेले नाव असून त्याचा आपल्याकडील नागाशी संबंध नाही.) प्रत्येक राष्ट्राचे ढोल, ठेके, गाणी आणि पदन्यास वेगळे असतात. ज्या माणसांची गावे आणि नावे हिरावून घेतली गेली, त्यांनी आपण कुठून आलो याची नोंद शरीराच्या हालचालीत ठेवली, आणि म्हणूनच या नृत्यांचा अभ्यास करणे म्हणजे एक इतिहास वाचणेच होय.

अभ्यासयात्रेतील पहिला धडा बहुधा ‘यानवालू’चा असतो. हे रादा समूहातील नृत्य आहे आणि ते विशेषतः सर्परूपी दांबाला या दैवताशी जोडलेले आहे. गुडघे वाकवून, धड पुढे झुकवून कण्यातून सतत एक लाट खाली-वर जाऊ द्यायची, असे त्याचे वर्णन करता येते. पण ही लाट मानेपासून कमरेपर्यंत कुठेही न अडकता जावी यासाठी कित्येक महिन्यांचा सराव लागतो. यानवालूनंतर त्याच क्रमात ‘मायी’ आणि खांद्यांच्या जलद हालचालींचे ‘झेपोल’ येते. योद्धा ओगूचे नागो नृत्य छाती पुढे काढून, ताठ बाण्याने केले जाते. इबो नृत्यात साखळदंड तोडल्यासारख्या हालचाली रंगमंचावर हमखास दिसतात. पेट्वोची लय तप्त आणि वेगवान, तर कांगोची डौलदार. मृतांचे अधिपती असलेल्या गेदे दैवतांचे ‘बांदा’ हे नृत्य कमरेच्या उघड हालचालींचे आणि चावट विनोदाचे असते. मृत्यूसमोर जीवनाची बाजू मांडण्याची ही रीत पाहुण्यांना प्रथम गोंधळात टाकते आणि समजल्यावर मनातून जात नाही.

नृत्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ढोलाला आहे. रादा संचात तीन ढोल असतात : सर्वांत मोठा ‘मांमां’, म्हणजे आई, मधला ‘सेगों’ आणि सर्वांत लहान ‘बुला’. लाकडी खोडाला खुंट्यांनी ताणून बसवलेले गायीचे कातडे हे या ढोलांचे वैशिष्ट्य होय; पेट्वोचे ढोल दोऱ्यांनी ताणलेले व बकरीच्या कातड्याचे असून ते हाताने वाजवतात. लोखंडी ‘ओगान’ या घनवाद्याचा ठोका सर्वांना धरून ठेवतो. बुला एकच बोल न थकता वाजवत राहते, सेगों त्याला उत्तर देते आणि मांमां या दोघांच्या आधारावर बोलते. यानवालू बारा सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात चालते आणि या आवर्तनाला ऐकणारा कधी दोनाच्या, कधी तीनाच्या अंगाने पाहू शकतो. तबल्याच्या लयकारीशी परिचित असलेल्या श्रोत्याला यातील गंमत लवकर कळते. मध्येच मांमां ‘कासे’ वाजवते. कासे म्हणजे तोडणे : चालू ठेक्याला छेद देणारे आघात येतात आणि नर्तकाची वाहती हालचालही त्यासरशी तुटते. कासे ठरावीक आवर्तनांनंतर येत नाही, नर्तकाची अवस्था पाहून मुख्य वादक तो वाजवतो. त्यामुळे आकडे मोजून नाचणाऱ्याला तो सापडत नाही, कान उघडे ठेवणाऱ्याला सापडतो. ध्वनिमुद्रणावर सराव केलेले नर्तक हैतीत आल्यावर सर्वांत आधी येथेच अडखळतात, आणि प्रत्यक्ष प्रवास करून शिकण्याचे सर्वांत सबळ कारण माझ्या मते हेच आहे.

‘जुबा’ या शेतकऱ्यांच्या नृत्यात ढोल जमिनीवर आडवा ठेवून वादक त्यावर स्वार होतो आणि टाचेने कातडे दाबून आवाज चढवतो-उतरवतो, तर दुसरा वादक मागून ढोलाच्या लाकडी अंगावर काठ्यांनी ठेका धरतो. जुबाचे दैवत ‘कुझें झाका’, म्हणजे चुलतभाऊ झाका, खांद्यावर गवती पिशवी आणि डोक्यावर पेंढ्याची टोपी घातलेला कुणबीच आहे. हैतीच्या ग्रामीण भागात शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतावर गाणी व ढोलांच्या तालावर राबण्याची ‘कोंबित’ नावाची प्रथा आहे, आणि ती पाहिल्यावर नृत्यातील कुदळीच्या हालचाली कुठून आल्या हे वेगळे सांगावे लागत नाही.

लेंट उपवासाच्या काळात, ईस्टरपर्यंत, रस्त्यांवरून ‘रारा’ निघतो. राराच्या मेळ्यात ‘वाक्सीन’ नावाचे वेळूचे भोंगे असतात. प्रत्येक वेळूतून एकच सूर निघतो, म्हणून चार-पाच वादक आपापला सूर नेमक्या क्षणी टाकून सर्वांची मिळून एक चाल विणतात आणि फुंकता फुंकता हातातील काठीने वेळूवर ठेकाही धरतात. लेओगान हे गाव राराबद्दल विशेष प्रसिद्ध आहे. मेळ्याबरोबर मैलोगणती चालल्यावाचून राराचे संगीत कळत नाही, कारण त्याची लय चालण्याचीच आहे.

ही नृत्ये राष्ट्रीय कला म्हणून मान्य होण्याचा मार्ग सरळ नव्हता. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. त्या अपमानाच्या काळात, १९२८ मध्ये, झां प्राइस-मार्स यांनी आपल्या ग्रंथातून हैतीच्या सुशिक्षित वर्गाला आफ्रिकी वारसा आणि खेड्यातील संस्कृती यांच्याकडे आदराने पाहण्याचे आवाहन केले. तरीही १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष स्तेनियो व्हँसां यांच्या राजवटीने ‘अंधश्रद्धेच्या प्रथां’ना बंदी घालणारा कायदा केला, त्यात शेतकऱ्यांच्या लोकनृत्यांना मात्र मुभा होती. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने व्होदूविरुद्ध मोहीम चालवून मंदिरे मोडली आणि ढोल जाळले. त्याच वर्षी, १९४१ मध्ये, लेखक जाक रूमँ यांनी हा वारसा नोंदवून ठेवण्यासाठी मानववंशशास्त्र संस्था स्थापन केली. एकीकडे विधी गुन्हा ठरला आणि दुसरीकडे त्याच विधीतील नृत्य रंगमंचावर देशाची ओळख म्हणून मिरवू लागले, ही विसंगती ‘फोक्लो’ या शब्दात आजही जाणवते. १९३५ चा हा कायदा १९८७ च्या संविधानाने रद्द झाला आणि व्होदूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता २००३ मध्ये मिळाली.

बाहेरून शिकायला येणाऱ्यांमध्ये कॅथरीन डनम (१९०९–२००६) यांचे स्थान वेगळे आहे. शिकागो विद्यापीठात मानवशास्त्र शिकलेल्या या कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तिकेने १९३५-३६ मध्ये शिष्यवृत्तीवर कॅरिबियन बेटांचा प्रवास केला, हैतीत त्या सर्वाधिक रमल्या आणि त्यांनी व्होदूची दीक्षाही घेतली. यानवालूतील कण्याची लाट त्यांच्या नृत्यपद्धतीचा पाया बनली. त्या हैतीला पुन्हा पुन्हा परतत राहिल्या, आणि १९९२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हैतीयन निर्वासितांना अमेरिकेने दिलेल्या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी ४७ दिवस उपोषण केले. शिकलेल्या विद्येचे ऋण कसे फेडावे याचे याहून ठळक उदाहरण या क्षेत्रात नाही. त्यांच्या नृत्यसंघातील लाविनिया विल्यम्स १९५३ मध्ये हैती सरकारच्या निमंत्रणावरून आल्या आणि त्यांनी अनेक दशके तेथे शिकवले.

हैतीयन कलावंतांचे कार्य याला समांतर चालू होते. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या स्थापनेला २०० वर्षे झाल्याबद्दल १९४९ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या सुमारास राष्ट्रीय लोकनृत्य संघ उभा राहिला आणि त्याचे नेतृत्व झां-लेओं देस्तिने (१९१८–२०१३) यांच्याकडे आले. व्हिव्हियान गोतिए (१९१८–२०१७) यांनी पोर्ट-ओ-प्रिन्समधील आपल्या शाळेत वृद्धापकाळापर्यंत शिष्य घडवले. परदेशी गटांना शिकवणाऱ्या आजच्या अनेक गुरूंची परंपरा या पिढीपर्यंत जाते.

पर्यटन आणि अभ्यास यांतील सीमारेषा हैतीत नेहमीच धूसर राहिली. १९५० च्या सुमारास देशात पर्यटक मोठ्या संख्येने येऊ लागले. पुढे १९७० च्या दशकात माक्स बोव्वार या जीवरसायनशास्त्रज्ञ असलेल्या पुरोहिताने राजधानीजवळ मारियानी येथे आपले मंदिर पाहुण्यांसाठी खुले केले. १९८३ मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणेने एड्सच्या जोखीम गटांत सरसकट हैतीयनांचे नाव घातले. ते १९८५ मध्ये वगळले गेले, तरी तोपर्यंत पर्यटन कोसळले होते. त्यानंतर जे येत राहिले त्यांत कलेसाठी येणारे गट लक्षणीय होते.

चांगल्या अभ्यासयात्रेचे वेळापत्रक हैतीच्या पंचांगाला धरून आखले जाते. गोनाईव्ह शहराजवळील सुव्नांस येथे ईस्टरच्या सुमारास दाहोमी परंपरेचा, बाद्जो येथे जानेवारीत नागो परंपरेचा आणि सुक्री येथे ऑगस्टमध्ये कांगो परंपरेचा मोठा उत्सव भरतो. १६ जुलैला सोदोच्या धबधब्यावर यात्रेकरू एझिली दैवतासाठी आणि कार्मेल मातेसाठी एकाच भावाने स्नान करत आले आहेत. १ आणि २ नोव्हेंबरला स्मशानांत गेदेचा सण असतो. जॅकमेल शहराच्या कार्निव्हलमधील कागदी लगद्याचे मुखवटे वेगळ्याच कलेची ओळख करून देतात.

अशा ठिकाणी पाहुण्याने कसे वागावे हा शिक्षणाचा गाभा आहे. ग्रामीण हैतीत दाराशी आलेला माणूस ‘ओने’, म्हणजे मान, अशी हाक देतो आणि आतून ‘रेस्पे’, म्हणजे आदर, असे उत्तर आल्यावरच अंगणात पाऊल टाकतो. मंदिराच्या मंडपात, ‘पेरिस्टिल’मध्ये, मध्यभागी ‘पोतोमितां’ हा खांब असतो आणि त्याच्याभोवती पुरोहित किंवा पुरोहिता, अनुक्रमे ‘उंगान’ आणि ‘मांबो’, मक्याचे पीठ चिमटीतून सोडत रांगोळी घालावी तशी दैवतांची चिन्हे रेखाटतात. ढोलांचा बाप्तिस्मा झालेला असतो, त्यांना नाव आणि धर्ममातापिता असतात. परवानगीवाचून त्यांना हात लावत नाहीत. नृत्य चालू असताना कोणाच्या अंगात आले, तर ते दैवताचे आगमन मानले जाते आणि त्या व्यक्तीला सांभाळण्यासाठी जाणती माणसे असतात. त्या क्षणी कॅमेरा काढणे हा उघड अनादर आहे. अंगात येण्याची नक्कल नृत्याच्या वर्गात न करण्याचा दंडक अनेक गुरू पाळतात आणि तो योग्य आहे. गाणी क्रेयोल या हैतीच्या लोकभाषेत असतात; मुख्य गायिका ओळ म्हणते आणि समूह ती झेलतो, म्हणून थोडी तरी भाषा शिकल्याशिवाय पाहुणा समूहात सामील होऊ शकत नाही.

मोबदल्याचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. नृत्यशिक्षकाचे नाव जाहिरातीत येते, वादकांचे बहुतेकदा येत नाही, आणि गटाने भरलेल्या रकमेतील किती वाटा गावात राहिला याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. वादकांना नावानिशी ओळख आणि शिक्षकाइतकाच मान देणाऱ्या यात्राच या नावाला पात्र आहेत.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर काही वर्षांनी असे गट पुन्हा येऊ लागले होते; पण ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाल्यावर राजधानीचा बहुतांश भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळावर प्रवासी विमानांवर गोळीबार झाला आणि अमेरिकी विमानसेवा तेथून बंद झाल्या. ज्या ओलोफसन हॉटेलात ‘राम’ हा वाद्यमेळा वर्षानुवर्षे दर गुरुवारी व्होदू ठेक्यांवर आधारलेले ‘रासीन’ संगीत सादर करीत असे, ते जुलै २०२५ मध्ये जाळले गेले. सर्वाधिक झळ तेथील कलावंतांनाच बसली आहे. अनेकांना घर, शाळा आणि तालमीची जागा सोडावी लागली.

शिक्षण मात्र थांबलेले नाही, त्याचे ठिकाण बदलले आहे. ब्रुकलिनमध्ये फ्रिस्नर ओगुस्तँ (१९४८–२०१२) यांनी ढोलवादकांच्या कित्येक तुकड्या तयार केल्या आणि १९९९ मध्ये त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला; ती परंपरा तेथे चालू आहे. मायामीच्या लिटल हैती भागातही वर्ग भरतात. काही अभ्यासक पूर्व क्यूबाकडे वळतात. हैतीतील उठावानंतर मळेवाल्यांबरोबर तेथे नेलेल्या गुलामांनी रुजवलेले ‘तुम्बा फ्रान्सेसा’ सांतियागो आणि ग्वांतानामो येथे अजून नाचले जाते, आणि विसाव्या शतकात ऊसतोडणीसाठी गेलेल्या हैतीयन मजुरांचा रारा तेथे ‘गागा’ या नावाने दरवर्षी रस्त्यावर निघतो.