हौद्यातली जोडणी : फिफ्थ व्हील आणि गूजनेक यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात ट्रेलरसाठी जोडणी बसवून घ्यायची असेल, तर खरेदीदारापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात. पहिला फिफ्थ व्हील, म्हणजे मागच्या बाजूने खाच असलेली जाड पोलादी पाटी. ट्रेलरच्या पोटाखालचा किंगपिन, म्हणजे खाली निघालेली जाड पोलादी खुंटी, या खाचेतून आत येतो आणि जबड्यात अडकतो. दुसरा गूजनेक, म्हणजे हौद्याच्या तळातून वर डोकावणारा पोलादी गोळा; ट्रेलरची हंसाच्या मानेसारखी वाकलेली दांडी वरून खाली उतरते आणि तिच्या टोकाची वाटी या गोळ्यावर बसते. दुकानदार या दोन्हींची तुलना बहुधा वजन आणि किंमत यांच्या आधारे करतो. मला मात्र ही तुलना अपुरी वाटते, कारण हे दोन पर्याय एकाच गरजेची दोन उत्तरे म्हणून जन्मलेले नाहीत. पाटी मालवाहतुकीच्या रस्त्यावर घडली, गोळा गुराढोरांच्या कुरणावर रुजला, आणि दोन्ही ज्या हौद्यात येऊन बसले तो हौदा मध्यंतरीच्या काळात आखूड होत गेला. आज निवड करताना पडणारे बहुतेक प्रश्न या तीन वेगवेगळ्या वाटचालींतून आलेले आहेत.

‘पाचवे चाक’ हे नाव मोटारीपेक्षा जुने आहे. दोन चाकांची बैलगाडी किंवा टांगा वळवताना अख्खी गाडीच जनावरामागे वळते, त्यामुळे तिथे वेगळ्या योजनेची गरज पडत नाही. चार चाकांच्या घोडागाडीत मात्र पुढची आस मागच्या आसेपासून स्वतंत्रपणे वळली पाहिजे. त्यासाठी पुढच्या आसेवर एक लोखंडी कडे आडवे बसवत आणि गाडीचा सांगाडा त्या कड्यावर टेकवत. मध्यभागी उभा खिळा आणि भोवती ग्रीस लावलेले कडे, अशी ही रचना होती. उभी चार चाके आणि आडवे हे पाचवे, म्हणून तिचे नाव पडले. मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेली व्हिक्टोरिया ही चारचाकी गाडी याच जातीची होती, आणि वळताना तिची पुढची लहान चाके सांगाड्याखाली सरकत असल्याचे पाहिलेल्या वाचकाला फिफ्थ व्हीलचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गंमतीची गोष्ट अशी की मोटारीने ही रचना स्वतःसाठी स्वीकारलीच नाही. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१७ च्या सुमारास दोन्ही पुढची चाके आपापल्या खुंटीवर वळवणारी रचना काढली होती आणि रुडोल्फ आकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट घेतले होते. मोटारीचे सुकाणू पुढे याच मार्गाने गेले. आडवे कडे त्यामुळे मोटारीच्या पुढच्या भागातून बाद झाले. परंतु इंजिनाचे वाहन आणि माल वाहणारे वाहन वेगळे करायचे ठरले, तेव्हा तेच कडे मागच्या चाकांवर परत आले.

हे वेगळे करण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न क्लीव्हलँडचे मोटार उत्पादक अलेक्झांडर विंटन यांचा. विकलेली मोटार ग्राहकाच्या घरापर्यंत चालवत नेली, तर ती पोहोचण्याआधीच झिजते, ही त्यांची अडचण होती. १८९८-९९ च्या सुमारास त्यांनी आपल्याच एका मोटारीच्या मागच्या भागावर टेकणारी गाडी बनवली आणि तिच्यावर नवी मोटार चढवून ती पाठवायला सुरुवात केली. त्यानंतर १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉक्स कंपनीने चार्ल्स मार्टिन यांच्या आराखड्यानुसार तीन चाकांचे ओढवाहन बाजारात आणले. घोड्यांनी ओढायचे अग्निशमन बंब त्याला जोडता येत असत. १९१४ मध्ये डेट्रॉईटचे लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांच्याकडे फ्रेडरिक सिब्ली नावाचे लाकडाचे व्यापारी आले. त्यांना आपली होडी फोर्ड मॉडेल टी मोटारीमागे जोडून न्यायची होती. फ्रुहॉफ यांनी मोटारीचा मागचा भाग काढून तिथे जोडणी बसवली आणि होडीसाठी एक गाडी तयार केली. ती इतकी उपयोगी ठरली, की सिब्लींनी आपल्या लाकडाच्या वखारीसाठीही तशाच गाड्या करून मागितल्या, आणि चार वर्षांनी, १९१८ मध्ये, फ्रुहॉफ ट्रेलर कंपनी उभी राहिली.

या गाड्यांना सेमीट्रेलर, म्हणजे अर्धा ट्रेलर, म्हणतात, कारण त्यांना पुढची चाके नसतात आणि त्यांचे पुढचे वजन ओढणाऱ्या वाहनाने पेलायचे असते. साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. ट्रेलर बंपरच्या मागे, हुकाला जोडला, तर जोड मागच्या आसेच्या बराच मागे पडतो. ट्रेलर डोलू लागला की त्याचा प्रत्येक हिसका लांब दांड्याच्या टोकावर बसल्यासारखा ओढणाऱ्या वाहनाची शेपटी हलवतो, आणि जोडावर पडणारे वजन पुढची चाके हलकी करते. तोच जोड मागच्या आसेच्या बरोबर वर, किंवा किंचित पुढे, आणला की ट्रेलरला वाहनाची शेपटी हलवण्यासाठी तरफच उरत नाही. म्हणून बंपरमागच्या ट्रेलरचे साधारण १० ते १५ टक्के वजन जोडावर ठेवतात, तर हौद्यातल्या जोडणीवर १५ ते २५ टक्के वजन टाकता येते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या उतारावर कशा भरकटतात हे आपल्याकडे अनेकांनी पाहिले आहे; न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारा, घाट उतरणारा सेमीट्रेलर त्या मानाने शिस्तीत चालतो, याचे एक मोठे कारण जोडाची ही जागा आहे. आपले ट्रेलरचालक पुढच्या ओढणाऱ्या भागाला ‘घोडा’ म्हणतात, त्यात घोडागाडीपासूनचे नाते आपोआप टिकून राहिले आहे.

मालवाहतुकीतली ही पाटी राहण्याच्या ट्रेलरपर्यंत नेली ती एका विमानकर्त्याने. ग्लेन कर्टिस यांचे नाव अमेरिकी विमानविद्येच्या सुरुवातीच्या काळाशी जोडलेले आहे. पण आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत फ्लोरिडात नगरे वसवत असताना त्यांनी ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर तयार केला. विमानाच्या सांगाड्यासारखी, ताणलेल्या तारांनी आवळलेली त्याची चौकट वजनाला हलकी होती, आणि त्याचा जोड मोटारीच्या मागच्या आसेच्या वरच्या भागात बसवलेला होता. त्या जोडात त्यांनी हवा भरलेले टायर आडवे ठेवले होते आणि ट्रेलरची खुंटी त्याच्या मध्यभागी उतरत असे, त्यामुळे रस्त्याचे धक्के टायरमध्येच जिरत. पाचवे चाक हे नाव इतक्या शब्दशः खरे क्वचितच ठरले असेल. कर्टिस १९३० मध्ये वारले आणि एरोकार हा श्रीमंतांचा शौक राहिला, तरी प्रवाशांच्या ट्रेलरचा पुढचा भाग ओढणाऱ्या वाहनावर चढवण्याची कल्पना तिथे सिद्ध झाली होती.

ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला पिकअप ट्रक मोठा आणि दणकट व्हावा लागला. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टीवर कारखान्यातूनच हौदा बसवून दिला, तेव्हा त्या गाडीची किंमत २८१ डॉलर होती आणि तिच्यावर एखादा टन वजन टेकवण्याचा प्रश्नच नव्हता. १९६० आणि ७० च्या दशकांत जड पिकअप आले. जनरल मोटर्सने १९७३ च्या आवृत्तीत मागे चार चाके असलेला एक टनी पिकअप आणला, आणि याच काळात इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरातले ट्रेलर कारखाने किंगपिन असलेले घरगुती ट्रेलर मोठ्या प्रमाणावर बनवू लागले. त्यांनी किंगपिनचा व्यास मालवाहतुकीतलाच, म्हणजे २ इंच, घेतला. पाटी मात्र आकाराने लहान केली, आणि पुष्कळ ठिकाणी तिला मालवाहू पाटीप्रमाणे पुढे-मागे झुकण्याबरोबर डावीकडे-उजवीकडे झुकण्याचीही सोय दिली, कारण मुक्कामाच्या ओबडधोबड जागी ट्रेलर जोडताना दोन्ही वाहने क्वचितच एका पातळीत असतात.

गोळ्याची वाट यापेक्षा वेगळी आहे. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या भागांतल्या पशुपालकाला ट्रेलर रोज जोडावा आणि सोडावा लागतो, तोही चिखलात, खड्ड्यांत, कधी एकट्याने. त्याला हौदा चारा आणि तारेच्या गुंडाळ्यांसाठी मोकळा हवा असतो, आणि जनावरे आत हलली की ट्रेलर कोणत्याही बाजूला झुकतो, हे त्याने गृहीत धरलेले असते. गोळा-वाटीचा जोड सर्व दिशांनी फिरतो, त्याला सुटे भाग कमी असतात आणि तो स्वस्त पडतो. सामान्य आकार २ पूर्णांक ५/१६ इंच व्यासाच्या गोळ्याचा आहे. त्याची एक अडचण होती: गोळा हौद्याच्या मधोमध उभा राहिला, की सामान चढवताना तो आड येतो. कॅन्ससमधल्या हंबोल्ट या लहान गावात १९८७ मध्ये सुरू झालेल्या बी अँड डब्ल्यू या कंपनीने तिच्यावर सुटसुटीत तोडगा काढला. तिचा गोळा उचलून उलटा करून त्याच खोबणीत परत ठेवता येतो, आणि हौद्याचा तळ सपाट होतो. ओझे तळाच्या पत्र्यावर न राहता खाली चासीला बांधलेल्या तुळयांवर जाते. माझ्या मते हौद्यातल्या जोडण्यांच्या साऱ्या इतिहासात वापरणाऱ्याच्या दिवसभराच्या कामाचा इतका बारकाईने विचार करणारी दुसरी सुधारणा दाखवता येणार नाही.

तिसरी वाटचाल हौद्याची. पिकअप जोवर कामाची गाडी होती तोवर ८ फुटांचा हौदा सर्वमान्य होता. इंटरनॅशनलने १९५७ मध्ये ट्रॅव्हलेट नावाचा मागच्या बाकासह मोठ्या केबिनचा ट्रक आणला. डॉजने १९७३ मध्ये आणि फोर्डने १९७४ मध्ये केबिन लांबवण्याचे पर्याय दिले. पिकअप हळूहळू कुटुंबाची गाडी झाली, केबिन लांबली आणि गाडीची एकूण लांबी आटोक्यात ठेवण्यासाठी हौदा साडेसहा फुटांवर, काही गाड्यांत साडेपाच फुटांवर आला. याचा हिशेब सरळ आहे. पूर्ण रुंदीचा ट्रेलर १०२ इंच रुंद असतो. तो काटकोनात वळला की त्याचा कोपरा किंगपिनच्या पुढे ५१ इंचांपर्यंत येऊ शकतो. आखूड हौद्यात किंगपिनपासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत साधारण ४० इंच जागा मिळते. उरलेले अंतर काच फुटून भरून निघते, आणि असे अपघात बहुधा मुक्कामाच्या ठिकाणी, अगदी सावकाश मागे घेताना, होतात.

त्यावरचा पहिला उपाय सरकती पाटी. ती हाताने मागे सरकवून वळायचे आणि पुन्हा पुढे आणून कुलूपबंद करायचे. यात चालकाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागते. इंडियानातल्या पुलराइट कंपनीच्या सुपरग्लाइड जोडणीत ट्रेलर जसजसा वळतो तसतशी पाटी आपोआप मागे सरकते आणि गाडी सरळ झाली की मूळ जागी येते. ही रचना जड आणि महाग आहे, पण आखूड हौद्याच्या गाडीत मोठा ट्रेलर ओढणाऱ्याने या खर्चात काटकसर करू नये, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. पुढे ट्रेलर कारखान्यांनीही पुढचे कोपरे आत घेऊन थोडी जागा मोकळी करून दिली. हौद्याच्या बाजूच्या भिंती मात्र दरम्यान उंच होत गेल्या, त्यामुळे ट्रेलरचा तळ आणि भिंतीचा काठ यांमध्ये सुमारे ६ इंच मोकळी जागा राहते का, हे आता मोजूनच पाहावे लागते.

२०११ च्या फोर्ड सुपर ड्यूटीत कारखान्यातूनच हौद्याच्या तळात पाच खोबणी मिळू लागल्या: मध्ये गोळ्यासाठी एक आणि भोवती पाटीच्या पायांसाठी चार. इतर अमेरिकी उत्पादकांनी काही वर्षांत तोच मार्ग घेतला. त्याआधी हौद्याला भोके पाडून आडव्या पट्ट्या बसवाव्या लागत, आणि चासीला भोके कुठे पाडायची हा कारागिराच्या जाणकारीचा भाग असे. सुपर ड्यूटीचा हौदा २०१७ च्या आवृत्तीपासून अ‍ॅल्युमिनियमचा झाल्यावर ओझे थेट चासीवर नेण्याचे महत्त्व आणखी वाढले. क्षमतेचे आकडे तपासण्याची शिस्तही याच काळात आली. एसएई या अभियंता संस्थेचे जे२६३८ हे मानक १३,६०८ किलोपर्यंतच्या ट्रेलरसाठी या दोन्ही प्रकारच्या जोडण्यांच्या चाचण्या ठरवते, आणि २००८ मधले जे२८०७ हे मानक ट्रकची ओढक्षमता मोजण्याची समान पद्धत घालून देते. तरीही ट्रकच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली भारक्षमता ही वेगळीच मर्यादा आहे. १०,००० पौंडांच्या ट्रेलरचे २० टक्के म्हणजे २,००० पौंड, सुमारे ९०० किलो, थेट हौद्यात येतात. त्यात जोडणीचे स्वतःचे वजन, माणसे आणि सामान मिळवले की ओढक्षमता शिल्लक असूनही भारक्षमता संपलेली असते.

एकाच तळात दोन्ही जोडण्या बसू लागल्यापासून किंगपिनच्या ट्रेलरला खाली नळी जोडून तो गोळ्यावर उतरवण्याची पद्धत वाढली आहे, आणि तिथे दोन घराण्यांतला फरक उघडा पडतो. गूजनेक ट्रेलरची मान खालच्या गोळ्यापर्यंत पोहोचणारा लांब दांडा धरूनच मजबूत केलेली असते. घरगुती फिफ्थ व्हील ट्रेलरची चौकट पाटीच्या उंचीवर धक्के झेलण्यासाठी बनवलेली असते. जोड खाली गेला की प्रत्येक ब्रेकचा हिसका लांब तरफेने त्या चौकटीच्या सांध्यांवर बसतो, आणि म्हणूनच चौकट बनवणाऱ्या काही कंपन्या अशा नळीनंतर हमी नाकारतात. अनेक राज्यांत गोळ्याच्या जोडणीला सुरक्षा साखळ्यांची सक्ती आहे, पाटीला नाही. त्यामुळे अशी नळी लावणाऱ्याने साखळ्यांसाठीचे कडेही ट्रकच्या तळात आहे का, ते पाहून घ्यावे. पाटी ठेवली, तर किंगपिन जबड्याच्या आत न शिरता वरच टेकून राहण्याचा धोका असतो आणि वरून पाहताना जोडणी झाल्यासारखी दिसते. आधाराचे पाय पूर्ण वर घेण्याआधी, ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक हलकेच पुढे खेचून पाहिला, की जबडा बंद झाला आहे की नाही ते कळते.