सामन्याआधी कोणतं, सामन्यानंतर कोणतं? क्वीनची दोन गाणी

'वुई विल रॉक यू' आणि 'वुई आर द चॅम्पियन्स' ही दोन गाणी अनेकांच्या डोक्यात एकच होऊन बसली आहेत. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' अल्बममध्ये ती लागोपाठ येतात, सिंगल म्हणूनही एकाच तबकडीवर निघाली, आणि रेडिओवर बऱ्याचदा जोडूनच लागतात. मोठ्या फुटबॉल सामन्याआधी मात्र त्यांची फारकत करायलाच हवी.

पहिलं गाणं गिटारवादक ब्रायन मेचं. स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपवून बँड आत गेला, तरी प्रेक्षक हलेनात. ते 'यू विल नेव्हर वॉक अलोन' गाऊ लागले, म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचं लाडकं गाणं. दाटीवाटीत उभ्या माणसांना काय काय करता येईल, याचा मे विचार करू लागला. पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, गाता येईल. त्यातूनच तो ठेका आला: धम, धम, टाळी आणि क्षणभर शांतता.

या गाण्यात ड्रम्स नाहीत, बेस गिटारही नाही. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, मोजक्या माणसांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले आणि ते आवाज एकावर एक चढवत नेले. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. प्रत्येक थर किंचित उशिरा येईल अशी आखणी त्याने केली, त्यामुळे वेगवेगळ्या अंतरावर उभी असलेली गर्दीच ऐकू येते. गिटार येते ती अगदी शेवटी. सामन्याआधी हेच लावावं, कारण यात निकाल नाही, फक्त ललकारी आहे. शिवाय सूर न लागणाऱ्यालाही यात पूर्ण वाटा मिळतो.

दुसरं गाणं क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारोख बलसाराचं; हेच त्याचं मूळ नाव. लिहिताना त्याच्याही मनात फुटबॉलचे प्रेक्षकच होते, पण गाण्याची जात निराळी. संथ पियानो, सहा मात्रांचा दादऱ्यासारखा झोका, आणि मग उंच चढत जाणारं ध्रुवपद. सोसलेलं सगळं आधी सांगून मग जिंकल्याची घोषणा होते. शिट्टी वाजण्याआधीच हे लावणं मला अजिबात पटत नाही. अजून काही सोसलेलंच नसताना ती घोषणा पोकळ वाटते. १३ जुलै १९८५ ला वेम्बलीच्या फुटबॉल मैदानावर लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमात क्वीनने आपल्या वीसेक मिनिटांचा शेवट याच गाण्याने केला होता. त्याची जागा तीच, शेवटची.

तेव्हा सामन्याआधीच्या यादीत मेची गिटार थांबली की थेट एसी/डीसी या रॉक बँडचं १९९० चं 'थंडरस्ट्रक' येऊ द्या. अँगस यंगच्या गिटारच्या त्या धावत्या सुरावटीने चढलेला जोर जराही उतरत नाही.