चिमटीतले ओझे

“एवढ्याशा कामाने हात कसा दुखेल?” हा प्रश्न प्लॅस्टिकची छोटी मॉडेले बांधणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावा लागतो. विटा वाहणाऱ्याचा हात भरून आला तर कोणाला नवल वाटत नाही. पण दोन ग्रॅमचा भाग चिमट्यात धरून टेबलापाशी बसलेल्या माणसाचा अंगठा रात्री ठणकू लागला, की दोष वयाला, थंडीला किंवा जुन्या मुक्या माराला दिला जातो. दुखणे जोराच्या प्रमाणात असते, जोर थोडा म्हणजे इजाही थोडी, असा समज या प्रश्नामागे आहे. शरीरशास्त्र वेगळे सांगते, आणि ते समजून घेणे या छंदात अनेक वर्षे रमू इच्छिणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

माझ्यापुरते हे कोडे टायगर १ या रणगाड्याच्या १:३५ प्रमाणातल्या मॉडेलने घातले. त्याच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या साखळी-पट्ट्यात, प्रत्येक बाजूला ९६ कड्या असतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून १९२. आणि माझ्या किटमध्ये त्या सगळ्या सुट्या होत्या. प्रत्येक कडी स्प्रूला, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिला, चार ठिकाणी जोडलेली होती. निपरने, म्हणजे छोट्या कापणाऱ्या पकडीने, तोडायची, उरलेला खुंट पात्याने तासायचा, मग बारीक कानशीने घासून सपाट करायचा. असे ७६८ खुंट. यांतल्या एकाही कृतीला म्हणण्यासारखा जोर लागत नाही. तरीही तीन संध्याकाळी सलग काम केल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मला बाटलीचे झाकण फिरवता आले नाही, कारण अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत कळ येत होती.

अंगठ्याचे बूड का दुखते, याचे अर्धे उत्तर तरफेच्या नियमात आहे. दार कडीपाशी ढकलले तर सहज उघडते, बिजागरीपाशी ढकलले तर कितीतरी पट जोर लागतो. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, खोगिरासारख्या आकाराचा एक सांधा असतो. तीच आपली बिजागरी. आपण चिमटा दाबतो ते या बिजागरीपासून दूर असलेल्या टोकाने, पण ज्या कंडरा अंगठ्याला ओढतात, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे जे चिवट दोर असतात, ते बिजागरीच्या अगदी जवळून जातात. त्यामुळे टोकाशी थोडा दाब मिळवण्यासाठी स्नायूंना अनेक पट ओढावे लागते आणि ती सगळी ओढ सांध्याच्या दोन हाडांना एकमेकांवर दाबते. विल्यम कूनी आणि एडमंड चाओ यांनी १९७७ मध्ये हे गणित मांडले, तेव्हा साध्या चिमटीत टोकाशी १ किलोग्रॅमचा दाब असताना बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोग्रॅमचा दाब येतो असे निघाले. चिमट्यातला भाग दोन ग्रॅमचा असला, तरी सांध्याला त्या भागाशी देणेघेणे नसते. त्याला फक्त आपण किती दाबतो आहोत एवढेच कळते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मला त्याहून विलक्षण वाटतो. स्नायू हा एकसंध दोर नाही. मेरुरज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमाखाली असलेले स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होते, आणि एकेका स्नायूत अशी अनेक युनिटे असतात. काही लहान, म्हणजे लहान चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले मोजके तंतू, काही मोठी. हलके काम आले की स्नायू ही युनिटे आळीपाळीने वापरत असेल, आज ही तर उद्या ती, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. एलवूड हेनेमन यांनी १९५७ पासून मांडलेल्या तत्त्वानुसार युनिटे कामाला लागण्याचा क्रम ठरलेला असतो: सर्वांत लहान सर्वांत आधी, मग जोर वाढेल तशी त्याहून मोठी. जोर कमी करताना हाच क्रम उलटा होतो. मोठी युनिटे आधी थांबतात आणि सर्वांत लहान सर्वांत शेवटी.

हा क्रम कोणी मुकादम ठरवत नाही. तो ओहमच्या नियमातून आपोआप निघतो. लहान चेतापेशीचा पृष्ठभाग लहान असतो, त्यामुळे आत आलेल्या विद्युतप्रवाहाला पटलातून बाहेर झिरपायला वाटा कमी, म्हणजेच रोध जास्त. विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तेव्हा मेंदूकडून दोन्ही पेशींना सारखाच प्रवाह मिळाला, तरी जिचा रोध जास्त त्या लहान पेशीत विभवांतर जास्त वाढते आणि संदेश सोडण्याची पातळी तीच आधी गाठते. मोठ्या पेशीला ती पातळी गाठायला अधिक प्रवाह लागतो, आणि तो तेव्हाच येतो जेव्हा आपण अधिक जोर मागतो. इच्छाशक्तीने हा क्रम उलटवता येत नाही.

आता याचा चिमटीशी संबंध लावू. हलक्या पकडीत फक्त लहान युनिटे काम करतात आणि पकड शून्यावर येईपर्यंत त्यांची सुटका होत नाही. कडी तासताना जोर थोडा वाढला, थोडा कमी झाला, तरी ये-जा करतात ती मोठी युनिटे. लहान युनिटे मात्र पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत राबतच असतात. १९९१ मध्ये गोरान हेग यांनी या युनिटांना परीकथेतल्या सिंड्रेलाची उपमा दिली, कारण तीही सर्वांच्या आधी उठते आणि सर्वांच्या नंतर झोपते. कमी जोराच्या पण सतत चालणाऱ्या कामात इजेची सुरुवात याच तंतूंपासून होत असावी, असे हे सिंड्रेला गृहीतक सांगते. ते अजून गृहीतकच आहे आणि त्याची तपासणी मुख्यतः खांद्याच्या स्नायूवर झाली आहे, हे नमूद केले पाहिजे; परंतु त्यामागचा युनिटांचा क्रम मात्र भक्कम पुराव्यावर उभा आहे.

यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष पहिल्यांदा लक्षात आला, तेव्हा मी माझी काम करण्याची पद्धतच बदलली. पकड सैल करणे म्हणजे विश्रांती, असे आपण धरून चालतो. लहान युनिटांच्या दृष्टीने सैल पकड आणि घट्ट पकड यांत फारसा फरक नाही. त्यांची विश्रांती हत्यार हातातून खाली ठेवल्यावरच सुरू होते. तासाभराने घेतलेल्या एका लांबलचक सुट्टीपेक्षा दर दोन-तीन कड्यांनंतर चिमटा टेबलावर ठेवून, बोटे पूर्ण उघडून, पंधरा-वीस सेकंद हात मांडीवर सोडून देणे मला अधिक मानवले.

साधा चिमटा आणि दाबल्यावर उघडणारा चिमटा यांची तुलना करून पाहावी. साध्या चिमट्यात भाग धरून ठेवायचा असेल, तोवर बोटांनी दाबत राहावे लागते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही पाती एकमेकींना छेद देऊन गेलेली असतात. भाग धरून ठेवण्याचे काम स्प्रिंग करते आणि आपण फक्त उचलताना व सोडताना, क्षणभर दाबतो. गोंद सुकेपर्यंत एखादा भाग मिनिटभर स्थिर धरायचा असेल, तर या चिमट्यामुळे ते मिनिट लहान युनिटांच्या श्रमांतून वजा होते. रंगवायचा भाग कपड्यांच्या चिमट्यात अडकवणे, घासायचा भाग छोट्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडणे, हेही त्याच जातीचे उपाय. जे काम निर्जीव वस्तू करू शकते ते स्नायूकडून करवून घेऊ नये.

हत्याराच्या मुठीकडेही लक्ष दिले पाहिजे. बोटांच्या त्वचेतली संवेदनाग्रे घर्षणाचा अंदाज घेऊन पकडीचा जोर ठरवतात. वस्तू गुळगुळीत असेल तर आपण नकळत अधिक दाबतो. दात साफ करण्याच्या हत्यारांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तपासलेल्या मुठींपैकी १० मिलिमीटर जाडीच्या आणि १५ ग्रॅम वजनाच्या मुठीला सर्वांत कमी चिमूट-जोर लागला. दंतवैद्याचे काम आपल्या कामाचे सख्खे भावंड आहे. पेन्सिलीएवढ्या बारीक, गुळगुळीत धातूच्या सुरीवर रबरी नळीचा तुकडा चढवला, तरी फरक जाणवतो.

हाताच्या दुखण्यावर तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे मोठ्या आत्मविश्वासाने विकले जातात. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्या रीतसर चाचण्या घेतल्या, २००९ मध्ये झिजेच्या संधिवातावर आणि २०१३ मध्ये आमवातावर. खोट्या कड्या-पट्ट्यांपेक्षा खऱ्यांचा अधिक उपयोग दिसला नाही. नुसता खर्च झाला असता तर मी याविषयी लिहिले नसते. मला खटकते ते हे, की कडे घातल्याच्या समाधानात माणूस तेच काम त्याच पद्धतीने आणखी सहा महिने करत राहतो.

दुखण्याबरोबर मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर गोष्ट वेगळी. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि मीडियन नावाची चेता एकत्र जातात. मनगट सरळ असताना निरोगी माणसात या बोगद्यातला दाब पाऱ्याच्या २ ते ३ मिलिमीटरइतका असतो. मनगट पूर्ण वाकवले की तो ३० च्या आसपास जातो, असे १९८१ मध्ये मोजले गेले. म्हणून मॉडेल डोळ्यांच्या उंचीला आणावे, मनगट मॉडेलकडे वाकवू नये. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये; करंगळी बधिर होत असेल, तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकते का, हे आधी पाहावे.

आता पात्याविषयी. बोथट पाते सुरक्षित, हा समज धोकादायक आहे. स्नायूंना जाणारा संदेश जितका मोठा, तितकी त्यातली अस्थिरताही मोठी. या तत्त्वावर क्रिस्टोफर हॅरिस आणि डॅनियल वोल्पर्ट यांनी १९९८ मध्ये हालचालींच्या नियंत्रणाचा सिद्धांत उभारला. बोथट पात्याला जोर अधिक लागतो, जोर अधिक म्हणून हात अधिक चुकतो, आणि प्लॅस्टिक अचानक तुटते तेव्हा तो सगळा जोर मोकळा सुटतो. सुटलेले पाते सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात आहे असे धरले आणि स्पर्श जाणवून हात जाणीवपूर्वक थांबायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो हे लक्षात घेतले, तर पाते तोवर साडेसात सेंटिमीटर पुढे गेलेले असते. भाग धरणारा अंगठा सहसा याहून जवळ असतो. त्यामुळे पाते लवकर बदलावे, एका दमात कापण्याऐवजी चार-पाच हलके काप द्यावेत आणि कापाच्या वाटेत बोट ठेवू नये. गोल मुठीची सुरी टेबलावरून घरंगळली, तर तिला झेलू नये. पाय मागे घ्यावेत आणि पडू द्यावी. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला कंडरा आणि चेता त्वचेखाली फार खोल नसतात, म्हणून जखम छोटी दिसत असली तरी कापल्यानंतर बोट वाकत नसेल किंवा त्याचे टोक बधिर लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाविषयी एकच सूचना: तो सुती कापडावर किंवा सुती हातमोज्यावर सांडला, तर वेगाने घट्ट होताना इतकी उष्णता निर्माण होते की त्वचा भाजते, म्हणून त्याच्याशी काम करताना सुती मोजे घालू नयेत आणि सांडलेला गोंद कापसाने टिपू नये.

दुसऱ्या रणगाड्याच्या १९२ कड्यांना मी तीनऐवजी अकरा संध्याकाळी दिल्या. नवे पाते दर वीस कड्यांनंतर, दाबल्यावर उघडणारा चिमटा, आणि प्रत्येक तिसऱ्या कडीनंतर उघडी बोटे मांडीवर. बाराव्या दिवशी सकाळी बाटलीचे झाकण फिरवून पाहिले, ते उघडले.