विंडोज अपग्रेडनंतर नेट गेलं, मेमरी भरली? फॉरमॅट करण्याआधी हे बघा

विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर ग्राहकांचे फोन येतात ते बहुतेक दोन तक्रारींचे: "वायफाय लागलंय पण नेट नाही" आणि "रॅम सारखी भरलेली दिसते". फॉरमॅट मारा, रॅम वाढवा, असे सल्ले लगेच मिळतात. आमची विनंती आहे, खर्चात पडण्याआधी दोन आकडे बघा.

पहिला आकडा आयपी पत्त्याचा, म्हणजे नेटवर्कवर संगणकाला मिळणाऱ्या ओळख क्रमांकाचा. सेटिंग्जमध्ये चालू कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडा. आयपीव्ही४ पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, संगणकाने स्वतःच एक ठरवून घेतलाय. राउटर आणि संगणक दोन्ही रीस्टार्ट करा. पत्ता बरोबर असूनही नेट नसेल, तर जुना अँटीव्हायरस किंवा व्हीपीएन काढून पाहा. ही सॉफ्टवेअर नेटच्या वाटेत आपली चाळणी बसवतात आणि नव्या सिस्टिमशी ती जुळेलच असं नाही. नेटवर्क रीसेट अगदी शेवटी करा, कारण त्यात सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड जातात.

मेमरीचं जरा सबुरीनं घ्या. पहिले एक-दोन दिवस विंडोज सर्चची यादी नव्याने बनवत असतं, अपडेट उतरवत असतं. मशीन चालू राहू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे मेमरी उघडा. 'कॅश्ड' लिहिलेली मेमरी वाया गेलेली नसते, लागेल तेव्हा ती लगेच मोकळी होते.

दुसरा आकडा, खरा बघायचा तो, खाली कोपऱ्यातला 'नॉन-पेज्ड पूल', म्हणजे विंडोज आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) यांनी रॅममध्येच धरून ठेवलेली मेमरी. एरवी तो काही शे एमबी असतो. तो तासागणिक वाढत दोन-तीन जीबीवर गेला, तर बहुधा एखादा ड्रायव्हर मेमरी घेऊन परत देत नाहीये, आणि असा ड्रायव्हर पुष्कळदा नेटवर्क कार्डाचाच निघतो. म्हणजे दोन तक्रारी, दुखणं एकच! अशा वेळी नवी रॅमही भरून जाईल. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर घ्या. नेट बंद असेल तर दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हवर आणा.

जुन्या विंडोजवर परतायची सोय साधारण १० दिवसच असते. तोवर जागा करायला म्हणून 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर उडवू नका, जुनं विंडोज त्यातच ठेवलेलं असतं. आम्हाला फोन कराल तेव्हा हे दोन्ही आकडे लिहून जवळ ठेवा.