एका तारेवर अनेक रीडिंग: सीमाखुणांची पार्श्वभूमी

आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला तापमान, प्रकाश आणि मातीतील ओलावा मोजणारे तीन सेन्सर जोडून त्यांची रीडिंग एकामागून एक संगणकाकडे पाठवली, की नवशिक्याच्या पडद्यावर बहुधा ५१२२८७९०३ असा सलग आकडा उमटतो. तिन्ही रीडिंग सुखरूप पोहोचलेली असतात. ५१२ कुठे संपले आणि २८७ कुठे सुरू झाले, एवढेच संगणकाला कळलेले नसते. ही अडचण संगणकाहून कितीतरी जुनी आहे आणि तिच्यावरचे आजचे उपायही मुळात तारायंत्राच्या काळातले आहेत.

फ्रान्सच्या तार खात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये ज्या यंत्रणेचे पेटंट घेतले, तिच्यात प्रत्येक अक्षर पाच समान कालखंडांत बसवलेले असे आणि एकच तार अनेक तारबाबूंना आळीपाळीने मिळे. तारेच्या दोन्ही टोकांना एक फिरता वितरक असे. त्याचा ब्रश ज्याच्या पट्ट्यांवर येई त्याची पाळी, आणि ती आल्याची सूचना देणारा ठोका ऐकून तारबाबूने त्याच तालात पाच कळा दाबायच्या. अक्षर कोणाचे, हे अक्षरात कुठेच लिहिलेले नसे; ते कोणत्या क्षणी आले यावरून ठरे. दोन्ही टोकांचे वितरक एकाच गतीने फिरत राहणे ही मात्र त्याची सक्तीची अट होती. तारेवरून सेकंदाला किती खुणा जातात हे मोजण्याचे 'बॉड' हे एकक याच बोदोंच्या नावावरून आले.

ती अट सैल केली शिकागोच्या चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या पितापुत्रांनी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभखूण आणि नंतर विरामखूण जोडली जाई. घेणारे यंत्र दर अक्षराला नव्याने सुरू होत असल्यामुळे दोन्हीकडची गती एका अक्षरापुरती जुळली तरी पुरे. आजचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे अशा बोर्डावरची छोटा संगणकच असलेली चिप, आठ बिटांच्या (शून्य किंवा एक अशा आठ खुणांच्या) बाइटमागे एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट पाठवतो तो याच पद्धतीने, आणि म्हणूनच ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे जातात. इंटेलचा १९८० चा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आपल्याकडच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत ज्यांनी हाताळला असेल, त्यांना त्याला ताल देणारा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र क्रिस्टल आठवेल. या संख्येला आधी १२ ने, मग ३२ ने आणि मग ३ ने भागले की नेमके ९६०० उरतात. १२ मेगाहर्ट्झच्या सरळ आकड्यातून ते तसे नेमके निघत नाहीत.

अक्षराची हद्द ठरली, पण ओळीची राहिली. १९६३ मध्ये अक्षरांना क्रमांक देणारा आस्की संकेत आला आणि त्याच सुमारास टेलिटाइपचे मॉडेल ३३ हे यंत्र. ते सेकंदाला १० अक्षरे छापत असे. छपाईचे टोक कागदाच्या डाव्या कडेला परत आणण्याची खूण वेगळी, १३ क्रमांकाची, आणि कागद एक ओळ वर सरकवण्याची वेगळी, १० क्रमांकाची. टोकाला परत यायला लागणारा वेळ या दुसऱ्या खुणेमुळे भरून निघे. आर्डुइनोची ओळ पाठवणारी आज्ञा आजही शेवटी हे दोन्ही बाइट पाठवते, समोर ना कागद असतो ना छपाईचे टोक. आस्कीत नोंदी आणि घटक वेगळे करण्यासाठी ३० आणि ३१ हे खास संकेतही राखून ठेवले आहेत. पण ते कीबोर्डावर नाहीत, पडद्यावर दिसत नाहीत, आणि जागा पटकावली स्वल्पविरामाने. माझ्या मते ते योग्यच झाले, कारण '५१२,२८७,९०३' ही ओळ बरोबर आहे की नाही, हे कुठल्याही साधनाशिवाय डोळ्यांनी पारखता येते.

या रचनेला शिस्त आणली सागरी उपकरणांनी. अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनचे ०१८३ हे प्रमाण १९८३ चे. ४८०० बॉड, आरंभी डॉलरचे चिन्ह, मध्ये स्वल्पविरामांनी तोडलेली मूल्ये, मग तारांकन आणि दोन अंकी चेकसम, म्हणजे वाक्य वाटेत बिघडले नाही ना हे तपासण्याची संख्या. जीपीएस मॉड्यूल आजही याच धर्तीची वाक्ये पाठवतात. एखादे मूल्य उपलब्ध नसले तरी त्याचा स्वल्पविराम गाळला जात नाही, त्यामुळे पुढच्या मूल्यांची जागा हलत नाही. बोदोंची पाळी आणि क्रम पितापुत्रांची खूण इथे एकाच ओळीत नांदतात: कितवे मूल्य कशाचे हे जागेवरून ठरते आणि वाक्य कुठे सुरू झाले हे चिन्हावरून.

आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे जन्मला आणि तोवर कारखान्यात नि जहाजावर असलेला हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या टेबलावर आला. त्याचे दहा बिटांचे रीडिंग ० ते १०२३ मध्ये असते. वरची तीन रीडिंगांची ओळ शेवटच्या दोन खुणांसह १३ बाइट घेते. तीच रीडिंग अंकांऐवजी थेट दोन-दोन बाइटांत पाठवली तर सहा बाइटांत काम होते. पण ५२२ हे रीडिंग बाइटांत मांडले की २ आणि १० होते (२ × २५६ + १०), आणि तो १० संगणकाला ओळ संपल्याची खूण वाटतो. यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये नोंदवलेल्या स्लिप पद्धतीत पॅकेटच्या, म्हणजे एकत्र पाठवलेल्या बाइटांच्या गठ्ठ्याच्या, शेवटी १९२ हा बाइट ठेवतात आणि मजकुरात १९२ आलाच तर त्याच्या जागी २१९ आणि २२० ही जोडी घालतात. पॅकेटभर १९२ च आले तर लांबी दुप्पट होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्टुअर्ट चेशायर आणि मेरी बेकर यांनी मांडलेल्या कॉब्स पद्धतीत मजकुरातले सगळे शून्य काढून त्या जागी पुढचे शून्य किती अंतरावर होते तो आकडा भरतात, त्यामुळे २५४ बाइटांमागे फार तर एक बाइट वाढतो. शून्य मग फक्त पॅकेटच्या शेवटी उरते, आणि पाठवणे चालू असताना मध्येच ऐकू लागलेला संगणक हाती आलेला अर्धवट तुकडा टाकून देऊन त्या शून्यानंतरच्या पहिल्या बाइटपासून मोजणी सुरू करू शकतो.