डीएमझेडने सर्व्हर दिसेलच असं नाही

माइनक्राफ्ट जाव्हाचा सर्व्हर बाहेरच्या मित्रांना दिसेना, की कुणीतरी हमखास सांगतं, ‘पीसी डीएमझेडमध्ये टाक (म्हणजे राउटरवर येणाऱ्या सगळ्या जोडण्या थेट त्या पीसीकडे सोड), फायरवॉल बंद कर.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला धोक्याचा, आणि पुष्कळदा बिनकामाचाही. आधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटलाय. बाहेरून आलेली जोडणी तिथेच अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग माइनक्राफ्टचा पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, २५५६५ उघडा नाहीतर सगळी दारं सताड उघडी टाका, उपयोग नाही. पब्लिक आयपी कंपनीकडेच मागावा लागतो. आणि हो, पोर्ट तपासताना सर्व्हर चालू ठेवा. नाहीतर पोर्ट बंदच दिसणार.