‘जमलं तर बघ’ हे संगणकाला कसं सांगायचं?

“मुहूर्ताच्या आधी रत्नागिरीला पोचायचंच आहे. एस.टी. शक्यतो नको, बाबांना घाटात गाडी लागते. ट्रेनने गेलो तर खालचा बर्थ, जमलं तर बघ. आणि गाडी रात्री उशिरा पोचणार असेल तर हॉटेल स्टेशनजवळचं घे, नाहीतर कार्यालयाजवळचं.”

घरातल्या जाणत्या भाच्याला एवढं सांगितलं की पुरतं. संगणकाला मात्र यातली पहिलीच ओळ बरीच वर्षं नीट कळत होती.

‘पोचायचंच’ हे ध्येय. तिथवर नेणारी कृतींची साखळी यंत्राने स्वतः शोधायची, या शाखेला स्वयंचलित नियोजन म्हणतात. 1971 मध्ये रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी ‘शेकी’ या यंत्रमानवासाठी स्ट्रिप्स ही पद्धत मांडली. प्रत्येक कृतीबद्दल दोनच गोष्टी लिहायच्या: ती करण्याआधी काय खरं असायला हवं आणि केल्यावर काय बदलतं. पुढे संशोधकांच्या लक्षात आलं की इंटरनेटवरच्या सेवाही याच साच्यात बसतात. तिकीट काढणाऱ्या सेवेला तारीख, नाव आणि पैसे लागतात. ती चालवली की जागा तुमच्या नावावर होते. मग अशा सेवा एकमेकींना जोडणं हे नियोजनच झालं.

पण शेकीला आपल्या खोल्या साधारण ठाऊक होत्या. गाडीत जागा आहे का, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. शीला मॅकइल्रेथ आणि त्रान काओ सॉन यांनी 2002 मध्ये गोलॉग ही प्रोग्रॅमिंगची भाषा सेवा जोडण्याच्या कामासाठी वळवून घेतली, तेव्हा सेवांचे दोन प्रकार वेगळे ठेवले. माहिती विचारणाऱ्या सेवा योजना आखतानाच खरोखर चालवायच्या. जग बदलणाऱ्या, म्हणजे बुकिंग करणाऱ्या, पैसे कापणाऱ्या सेवांची मात्र तोवर फक्त मनातल्या मनात तालीम करायची. मला ही कल्पना फार आवडते. दहा दुकानांत भाव विचारून यावं आणि पाकीट एकदाच उघडावं, तसं हे.

आता ‘शक्यतो’ आणि ‘जमलं तर’. पाच पायऱ्यांचा प्रवास आणि प्रत्येक पायरीला दहा पर्याय धरले, तर 1,00,000 साखळ्या होतात. त्यातल्या बऱ्याच ध्येय गाठतील. मग निवडायची कुठली? नियोजनाच्या समस्या लिहिण्याची प्रमाण भाषा पीडीडीएल. नियोजन करणाऱ्या प्रोग्रॅमच्या 2006 च्या स्पर्धेसाठी तयार झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ही सोय आली: अट मोडली तरी योजना बाद होत नाही, तिला दंड बसतो. घाटातली एस.टी. घेतली तर 10, वरचा बर्थ मिळाला तर 3. शिवाय ‘कधीच नको’, ‘एकदाच चालेल’, ‘हे झालं तर पुढे ते व्हावं’ अशा संपूर्ण प्रवासाबद्दलच्या अटीही घालता येतात. आपलं स्टेशनजवळचं हॉटेल यातच बसतं.

लाख साखळ्या तपासायच्या तरी कशा? टोरांटो विद्यापीठातल्या शिरीन सोहराबी, होर्हे बायेर आणि मॅकइल्रेथ यांनी 2009 मध्ये मांडलेल्या नियोजकात, म्हणजे योजना आखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक जुनी युक्ती चांगली वापरली आहे. अर्धवट योजनेबद्दल आधी पूर्ण आशावादी राहायचं: अजून न मोडलेल्या सगळ्या इच्छा पुढे पुऱ्या होतील असं धरायचं. इतकं उदार होऊनही तिचा दंड हातातल्या तयार योजनेहून जास्त भरत असेल, तर ती वाट तिथेच सोडायची. घाटातली एस.टी. घेऊन 10 दंड झालाच असेल आणि हातात 3 दंडाची योजना असेल, तर पुढचं हॉटेल बघायचं कारणच उरत नाही.

हे सगळं असूनही असा सहायक तेव्हा घरोघरी आला नाही. गणित चुकलं नव्हतं. प्रत्येक कंपनीने आपल्या सेवेचं यंत्राला कळेल असं काटेकोर वर्णन लिहून ठेवावं, अशी अपेक्षा होती. ते कोण लिहीत बसणार? सेवांची यूडीडीआय ही सार्वजनिक नोंदवही आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी 2006 मध्ये बंदच केली.

आजच्या चॅटबॉटला ‘घाटात गाडी लागते’ म्हणजे काय ते लगेच समजतं, वर्णनंही तो स्वतः वाचून घेतो. मात्र आणखी चांगली योजना शिल्लक नाही याची खात्री तो देत नाही. जुना नियोजक शोध पुरा झाला की देतो. म्हणून बोलणं एकाने समजून घ्यावं आणि शोध दुसऱ्याने घ्यावा, अशा जोडगोळीवर आता काम चालू आहे. दंडाचे आकडे मात्र अजून आपल्यालाच द्यावे लागतात. बाबांचा घाट 10 की 50, हे विचारलं तर बाबाही म्हणतील, “बघ बाबा, जमलं तर.”